महागड्या इलेक्ट्रिक गाड्या रस्त्यावर खरंच किती दिसतात?

सुसाट_पण_शांत

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. पोर्शे टायकान, मर्सिडीज ईक्यूएस, बीएमडब्ल्यू आय७, टेस्ला मॉडेल एस, ल्युसिड एअर, या गाड्यांचे व्हिडिओ रोज समोर येतात, कुठली किती सेकंदात शंभरला पोचते यावर लोक तावातावाने भांडतात, पण प्रत्यक्ष रस्त्यावर बघावं तर तास गेला तरी एक दिसत नाही. आणि मग एखाद्या मोठ्या हॉटेलच्या पोर्चमध्ये एकदम तीन-चार लायनीत उभ्या. बातम्यांत वाचतो की जगात आता दर पाच नव्या गाड्यांमागे एक तरी इलेक्ट्रिक विकली जाते. मग त्यातल्या या वरच्या वर्गातल्या जातात कुठे?

घरगुती वापराच्या साध्या इलेक्ट्रिक गाड्या मी धरत नाहीये, त्या दिसतातच. मला विचारायचंय ते फक्त खऱ्या महागड्या गाड्यांबद्दल. तुम्हाला किती दिसतात, कुठे दिसतात, आणि त्यांची संख्या खरंच वाढतेय की व्हिडिओ बघून बघून आपल्याला तसं वाटायला लागलंय?

आकडेमोड

चांगला प्रश्न आहे, यात एक मोठी गल्लत सगळीकडे होते ती आधी सांगतो. बातमीतला आकडा हा त्या वर्षी *विकलेल्या* गाड्यांचा असतो आणि तुम्ही रस्त्यावर बघता त्या मागच्या पंधरा-वीस वर्षांत विकलेल्या आणि अजून भंगारात न गेलेल्या सगळ्या गाड्या. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशोबाने २०२४ मध्ये जगात १ कोटी ७० लाखांहून जास्त इलेक्ट्रिक गाड्या विकल्या गेल्या, प्लग-इन हायब्रिड (इंजिन आणि चार्ज करायची बॅटरी दोन्ही असलेल्या) धरून, म्हणजे नव्या विक्रीच्या वीस टक्क्यांच्या वर. पण त्याच वर्षाच्या शेवटी रस्त्यावरच्या एकूण गाड्यांत त्यांचा वाटा होता साधारण चार टक्के. वीस आणि चार, एवढा फरक.

नॉर्वेचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. तिथे २०२४ मध्ये विकलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास ८९ टक्के पूर्ण इलेक्ट्रिक होत्या, म्हणजे शोरूममध्ये पेट्रोल-डिझेलचा खेळ संपल्यात जमा. तरी रस्त्यावर इलेक्ट्रिक गाड्यांनी पेट्रोल गाड्यांना मागे टाकलं ते सप्टेंबर २०२४ मध्ये, आणि तेही अगदी काठावर, दोन्ही साडेसात लाखांच्या थोडं वर. देशातल्या २८ लाख गाड्यांपैकी! डिझेल तेव्हाही सगळ्यात जास्त होत्या. इतकी वर्षं सवलती देऊन जिथे ही अवस्था आहे तिथे बाकीच्या देशांत काय असणार बघा.

आता त्या चार टक्क्यांतूनही तुम्ही म्हणता तशा महागड्या वेगळ्या काढा. रोल्स रॉइसची इलेक्ट्रिक स्पेक्टर २०२३ च्या शेवटी गिऱ्हाइकांकडे जायला लागली, पण मुळात ती कंपनी सगळी मॉडेलं मिळून वर्षाला सहा हजारांच्या आसपास गाड्या बनवते, अख्ख्या जगासाठी. ल्युसिडने २०२४ मध्ये दिल्या दहा हजारांच्या जरा वर. रिमॅक नेवेरा ही इलेक्ट्रिक सुपरकार तर एकूण दीडशेच बनवायच्या ठरल्यात. हे आकडे जगभर वाटून टाका, तासाला एक दिसली तरी पुष्कळ म्हणायचं.

बोनेटखाली

आकडेमोड यांचं बरोबर आहे पण अर्धंच. दुसरी बाजू अशी की या गाड्या समोरून गेल्या तरी लोकांना *कळत नाहीत*. बीएमडब्ल्यू आय७ घ्या. तिची बॉडी आणि पेट्रोलवाल्या सेव्हन सिरीजची बॉडी एकच, समोरचं ते भलं मोठं ग्रिलसुद्धा तसंच, फक्त आतून बंद. ताशी ऐंशीने बाजूने गेली तर तुम्ही म्हणणार सेव्हन सिरीज गेली, संपला विषय. आय५ चं तेच. टायकान मागून लांबून पाहिली तर बरेच जण तिला पोर्शेचीच पेट्रोलवाली पॅनामेरा समजतात, रात्री तर हमखास, कारण दोघींना मागे आडवी लाल पट्टी आहे.

उलट ईक्यूएस लगेच ओळखू येते, कारण मर्सिडीजने तिला आपल्याच पेट्रोलवाल्या एस क्लासपेक्षा पूर्ण वेगळा आकार दिला, पुढून मागे एकच कमान काढल्यासारखा. हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून ते केलं आणि ड्रॅगचा आकडा ०.२० पर्यंत आणला, जो उत्पादनातल्या गाडीसाठी जबरदस्तच आहे. पण गंमत नाही, खरंच सांगतो, अनेक गिऱ्हाइकांना नेमका तोच आकार आवडला नाही, लक्झरी गाडी म्हणजे लांब बोनेट आणि मागे वेगळी डिकी हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. म्हणजे जी ओळखू येते ती कमी लोक घेतात आणि जी घेतात ती ओळखू येत नाही.

ओळखायला काय बघायचं ते सांगतो. मागे सायलेन्सरचे पाइप नसतात, ही सगळ्यात खात्रीची खूण, पण बंपरखाली लपवलेले पाइप आता पेट्रोल गाड्यांनाही असतात तेव्हा नुसतं तेवढ्यावर जाऊ नका. नंबरप्लेटही मदत करते: चीनमध्ये आणि भारतात हिरवी प्लेट, ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२० पासून डाव्या कडेला हिरवी पट्टी, जर्मनीत नंबरच्या शेवटी ई अक्षर. चीन आणि जर्मनीत मात्र प्लग-इन हायब्रिडलाही ती खूण मिळते, त्यामुळे तिथे मोजताना जपून.

आणि आवाज. मोठ्या इंजिनाची गाडी आली की आपण वळून बघतो, कानाला आधी कळतं मग डोळ्याला. इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत ते होतच नाही. युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीला पादचाऱ्यांसाठी कृत्रिम आवाज लागतो, पण तो ताशी वीसपर्यंतच सक्तीचा, त्याच्या वर टायरचा आवाज तेवढा उरतो आणि तो सगळ्या गाड्यांचा सारखाच.

तिसरी_लेन

वरच्या दोघांनी गाड्या किती आणि ओळखायच्या कशा ते सांगितलं, मला वाटतं खरा मुद्दा वापराचा आहे. ज्याच्या दारात टायकान आहे त्याच्या दारात बहुतेक वेळा आणखी एक-दोन गाड्या असतात. लांबचा प्रवास, सामान, पाच माणसं असलं की दुसरी निघते. म्हणजे ही गाडी मुळात कमी, आणि जी आहे ती पण कमी फिरते. तशीही कुठलीही खाजगी गाडी ९५ टक्के वेळ नुसती उभी असते असं वाहतुकीच्या अभ्यासात नेहमी म्हणतात, त्यात ही तर बेसमेंटमध्ये कव्हर घालून उभी.

शिवाय पेट्रोल गाडी कितीही महाग असो, पंपावर सगळ्यांच्या मागे लायनीत थांबते, तिथे ती चार लोकांना दिसते. घरी चार्जर असलेला माणूस रात्री प्लग लावतो आणि सकाळी भरलेली गाडी घेऊन निघतो, त्याला गावभर थांबायचं कारणच नाही. म्हणून ज्यांना या गाड्या बघायच्यात त्यांनी हायवेवरच्या फास्ट चार्जरजवळ जावं, त्यातही १५० किलोवॉटच्या वरच्या चार्जरवर. टायकान आणि ऑडी ई-ट्रॉन जीटी या ८०० व्होल्टच्या गाड्या आहेत, त्यांचे मालक मुद्दाम जास्त ताकदीचा चार्जर शोधतात कारण तिथे त्यांची वीस-बावीस मिनिटांत दहावरून ऐंशी टक्के बॅटरी होते. सुसाट_पण_शांत यांनी हॉटेलच्या पोर्चचं लिहिलंय तेही याच कारणाने, मोठी हॉटेलं, विमानतळाचं पार्किंग, ऑफिसचे टॉवर, जिथे पैसा आणि प्लग एकत्र आहेत तिथे या गाड्या गोळा होतात, बाकी रस्त्यावर विरळ.

सुसाट_पण_शांत

खूप आभार सगळ्यांचे, सायलेन्सर आणि प्लेटचं आता नीट लक्ष ठेवून बघतो. पण माझा शेवटचा प्रश्न राहिला, संख्या *वाढतेय* का? मला तर वाटत होतं दर वर्षी दुप्पट होत असेल.

आकडेमोड

सरसकट इलेक्ट्रिक वाढतायत, महागड्यांचं तसं म्हणता येत नाही, आणि मला हे मनापासून खटकतं कारण या तंत्राची सुरुवातच या गाड्यांनी करून दिली. २०१२ साली मॉडेल एस आली नसती तर बाकीच्या कंपन्या इतक्या लवकर जाग्या झाल्या नसत्या असं माझं ठाम मत आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये तर नॉर्वेत त्या महिन्यात सगळ्यात जास्त खपलेली गाडी मॉडेल एस होती, पेट्रोल-डिझेल सगळं धरून.

आता टेस्लाचे पुढचे आकडे बघा. २०१७ मध्ये मॉडेल एस आणि एक्स मिळून दिल्या १ लाखाच्या थोडं वर. २०२४ मध्ये एस, एक्स, त्यात सायबरट्रक आणि सेमी ट्रक पण मिसळून ८५ हजार. त्याच वर्षी मॉडेल ३ आणि वाय मिळून १७ लाख. पोर्शेचं बघा, २०२१ मध्ये टायकान गेल्या ४१,२९६ आणि त्यांचीच प्रसिद्ध पेट्रोलवाली ९११ गेल्या ३८,४६४, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता झालंच. २०२४ मध्ये टायकान २०,८३६, म्हणजे आदल्या वर्षाच्या निम्म्या. ऑडीने क्यू८ ई-ट्रॉन बनवणारा ब्रसेल्सचा कारखाना फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केला. जॅग्वार आय-पेस, जी २०१९ ची वर्ल्ड कार ऑफ द इयर होती, तिचंही उत्पादन थांबलं.

वाढतोय तो मधला थर. बीएमडब्ल्यू ग्रुपने २०२४ मध्ये सव्वाचार लाखांवर पूर्ण इलेक्ट्रिक गाड्या दिल्या, त्यांच्या दर सहा गाड्यांत साधारण एक, पण त्यात मिनी आहे, आयएक्स१ आहे, आय४ आहे. तुम्ही यांना लक्झरी धरणार की नाही यावर तुमचं उत्तर पूर्ण बदलतं. मी नाही धरत.

दुसरा_मालक

आकडेमोड, नव्या गाड्यांचा खप कमी झाला म्हणून रस्त्यावर कमी दिसतील असं नाही हां. महागड्या इलेक्ट्रिक गाड्यांची किंमत फार जोरात उतरते, अनेक बाजारांत तीन-चार वर्षांत निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येते. कारण पण साधं आहे, दर दोन वर्षांनी नवीन मॉडेल जास्त रेंज (एका चार्जमध्ये जाणारं अंतर) घेऊन येतं, बॅटरीबद्दल लोकांच्या मनात भीती असते, आणि नव्या गाड्यांचेच भाव कंपन्या खाली आणतात तेव्हा जुन्याला कोण विचारणार. पुष्कळशा गाड्या तीन वर्षांच्या लीजवर किंवा कंपनीच्या नावावर गेलेल्या असतात, त्या एकदम परत येतात आणि सेकंडहँड बाजारात पडतात.

आणि मग ती गाडी अशा माणसाकडे जाते ज्याच्याकडे ती *एकच* गाडी असते. तो ती रोज ऑफिसला नेतो, पोरांना शाळेत सोडतो, सुट्टीत फिरायला काढतो. पहिल्या मालकाकडे आठवड्यातून दोनदा बाहेर पडणारी गाडी दुसऱ्याकडे रोज रस्त्यावर. त्यामुळे विक्री घटत असताना सुद्धा नजरेला जास्त पडू शकतात. मी स्वतः अशीच घेतलीये, बॅटरीचा हेल्थ रिपोर्ट बघून आणि आठ वर्षांच्या बॅटरी वॉरंटीतली किती उरली ते तपासून, आणि इतकी शांत, इतकी भारी गाडी मला नवीन कधीच घेता आली नसती. ज्यांना परवडत नाही असं वाटतं त्यांनी या बाजाराकडे जरूर बघा.

मोजणीदार

किती दिसतात हे खरंच जाणून घ्यायचं असेल तर अंदाज सोडा आणि मोजा, पण मोजायची पद्धत नीट ठेवा. आपल्याच दिशेने जाणाऱ्या गाड्या मोजू नका. सगळे साधारण एकाच वेगाने जात असतात त्यामुळे तासभरात तुम्ही त्याच त्या गाड्यांच्या मधे असता, आणि फक्त तुमच्यापेक्षा बरंच हळू किंवा बरंच जोरात जाणाऱ्याच नव्या दिसतात. त्यात रेंज वाचवायला सावकाश चालवणारा इलेक्ट्रिकवाला असला तर तो जास्त वेळा मोजला जातो. समोरून येणाऱ्या मोजा (अर्थात बाजूला बसून, चालवताना नाही), किंवा एका जागी उभं राहून. हॉटेलचं पार्किंग तर मोजणीत घेऊच नका, तिथला आकडा रस्त्याबद्दल काहीच सांगत नाही.

आणि मोजणी मोठी हवी. धरून चला की दोनशे गाड्यांत एक अशी आहे. तरी समोरून आलेल्या दोनशे गाड्यांत एकही न दिसण्याची शक्यता ३७ टक्के आहे! म्हणजे तिघांपैकी एकाला तरी वाटणार की या गाड्या नाहीतच. निदान दोन-तीन हजार गाड्या झाल्याशिवाय काही बोलू नये. वेळ पण बदला, कामाच्या दिवशी सकाळी, दुपारी, रविवारी संध्याकाळी, तिन्हीला वेगळी गर्दी असते.

सुसाट_पण_शांत, तुम्ही व्हिडिओ बघून भास होतो म्हणालात तेही खरंय, एखादी गोष्ट मनात बसली की ती सगळीकडे दिसायला लागते, त्यामुळे कागदावर एकूण गाड्यांची पण खूण करा, नुसत्या इलेक्ट्रिकची नको. आकडे आले की इथेच टाका, आणि आय४ धरली की नाही ते आधी लिहा नाहीतर आकडेमोड भांडतील.