केंटचं देशी रायग्रास: जुन्या कुरणाचं बी खरंच सरस का?

कुरणवाला: इंग्लंडात रायग्रास हे चराईचं गवत १७व्या शतकापासून पेरतात, पण बाजारातलं बी बहुतांशी पहिल्या वर्षाच्या कापणीचं असायचं. त्या कापणीत भरपूर दांडे काढणारी झाडंच जास्त बी देतात, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या निवड त्यांचीच झाली. लवकर फुलणारं, फुटवे कमी, दोन-तीन वर्षांत विरळ होणारं गवत! उलट केंट परगण्यातल्या रॉम्नी मार्शच्या जुन्या कुरणात मेंढ्यांच्या चराईतून टिकून राहिलं ते जमिनीलगत पसरणारं, दाट फुटव्यांचं. कायमच्या कुरणाला तेच बी हवं.

बीजपारखी: इतिहास बरोबर, निष्कर्ष चुकीचा. रायग्रासचं परागण वाऱ्यावर होतं आणि स्वतःच्या परागावर ते जवळजवळ बी धरत नाही. शेजारी इटालियन रायग्रास, म्हणजे त्याचा अल्पायुषी भाऊबंद, फुलोऱ्यात असेल तर त्याच हंगामात संकर होऊन भेसळ. इटालियनच्या दाण्याला कूस (टोकाचा केसासारखा काटा) असते, पण मळणीत ती मोडते. मग डोळ्यांनी काय ओळखणार? जर्मन बीजतज्ज्ञ गेंटनर यांनी १९२९मध्ये दाखवलेली चाचणी करा: पांढऱ्या गाळणकागदावर बी उगवा, १४ दिवसांनी अंधारात अतिनील दिव्याखाली धरा. इटालियनच्या मुळांखाली कागद निळसर चमकतो. हे न करता ‘देशी’ म्हणणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

कुरणवाला: चाचणी जरूर करा. पण संकर पुढे वाढत गेला की चमक आणि आयुष्य यांची जोडी तुटते, म्हणजे तीही पुरेशी नाही. आणि प्रमाणित वाण आले कुठून? १९१९मध्ये वेल्समधल्या ॲबरिस्टविथला सुरू झालेल्या वाण-संशोधन केंद्रात जेंकिन यांनी एस-२३ हे रायग्रासचं वाण घडवलं, ते जुन्या कुरणांतल्या झाडांवरूनच.

तृणमूळ: दोघांच्याही बोलण्यात बुरशी राहिली. रायग्रासच्या दाण्यात अनेकदा एक अंतर्वासी बुरशी असते, झाडाच्या आत राहून त्याला किडींपासून वाचवणारी. बी साध्या गोदामात दीड-दोन वर्षं पडलं तर बुरशी मरते, उगवण मात्र ९० टक्के दिसू शकते. न्यूझीलंडमध्ये अशा बियाण्याचं गवत अर्जेंटाइन सोंडकिडा फस्त करतो. तिथे बुरशीचा जुना प्रकार जिवंत असला तर वेगळंच दुखणं: त्याच्या लोलिट्रेम-बी विषाने मेंढ्या लडखडतात, हा संबंध १९८१मध्ये सिद्ध झाला. म्हणून तिथे हे विष न करणाऱ्या एआर-१ बुरशीचं बी निघालं.

बीजपारखी: मग पिशवीवर कापणीचं वर्ष, साठवणुकीचं तापमान आणि जिवंत बुरशीचं प्रमाण छापा. देशी असो वा वाण, मी त्याशिवाय घेणार नाही.

कुरणवाला: त्यात मूळ कुरणाचं वय आणि बी कितव्या वर्षीच्या कापणीचं, हेही घाला.