मानसोपचार पद्धत आवडते ती आपल्याच ज्ञानविषयक समजुतींमुळे?

तर्कट: खरं काय ते कसं कळतं, याबद्दल प्रत्येकाची एक समजूत असते. कुठला मानसोपचार पटणार हे बरंचसं तीच ठरवते, असं माझं मत. विचार पुराव्यावर तपासायचा असं मानणाऱ्याला अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत (आरईबीटी) लगेच भावते. अर्थ माणूस स्वतःच रचतो असं मानणारा मायकेल व्हाइटच्या, आपली गोष्ट नव्याने सांगायला लावणाऱ्या कथनात्मक पद्धतीकडे झुकतो. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ विल्यम लिडन यांना १९८९मध्ये अशीच जुळणी दिसली होती. कि. मो. फडक्यांनी आरईबीटी मराठीत आणली आणि ती इथे रुजली, कारण आगरकर आणि र. धों. कर्वे यांनी बुद्धिवादाची जमीन आधीच नांगरून ठेवली होती.

पार्लेकरीण: आगरकर वाचलेले किती जण समुपदेशकाकडे जातात हो? झोप उडालेला माणूस फी बघतो, शनिवारची वेळ मिळते का बघतो आणि समोरचा ऐकून घेतो का ते बघतो. पद्धती वेगळ्या असल्या तरी गुण साधारण सारखाच येतो, हे रोझेनझ्वाइग या मानसशास्त्रज्ञाने १९३६मध्येच मांडलंय.

तर्कट: फीचं मान्य. पण गुण कशाने येतो हा प्रश्न वेगळा. मी आवडीबद्दल बोलतोय. न पटणारी पद्धत लोक अर्ध्यावर सोडतात.

जुना_वाचक: १९६५च्या एका चित्रफितीत ग्लोरिया नावाची बाई शांतपणे ऐकून घेणारे रॉजर्स, थेट अंगावर येणारे पर्ल्स आणि एलिस या तिन्ही मानसोपचारतज्ज्ञांशी बोलते. तेव्हा तिने कौल दिला पर्ल्सला. पुढे वर्षानुवर्षं संबंध ठेवला तो रॉजर्सशी! आता हिची ज्ञानविषयक समजूत कोणती म्हणायची?

तर्कट: एका बाईवरून नियम मोडत नाही. (सिद्धही होत नाही, ठाऊक आहे.)

रेवा_क: जुळणी होत असेलही, पण ती हिताची कशावरून? वादपटू माणूस आरईबीटीत रमतो. 'अमुक झालंच पाहिजे' हा हट्ट कसा अविवेकी, हे झकास सिद्ध करतो. वडील गेल्यावर रडलेला मात्र नसतो.

तर्कट: एलिसने दुःखाला बंदी कुठे केली? दुःख, खंत या त्याच्या लेखी निरोगी भावना. त्याचा आक्षेप नैराश्याला आणि अपराधगंडाला.

रेवा_क: सिद्धांत पाठ आहे तुम्हाला. मी म्हणते ते हेच! अशा माणसाला पहिले काही महिने वाद घालायला जागाच नसलेली पद्धत द्यावी.

पार्लेकरीण: आणि तो दुसऱ्या बैठकीला येईल?

रेवा_क: रॉजर्ससारखं ऐकणारं कुणी भेटलं तर येईल.

पार्लेकरीण: म्हणजे पुन्हा माणूसच की!