गाठ विरघळली म्हणून ऑपरेशन टाळायचं?

घोडबंदरकर: काल इथे स्तनाच्या कॅन्सरबद्दल कुणीतरी ठोकून दिलंय, "केमोने गाठ गेली की ऑपरेशन कशाला? अमेरिकेत आता करतच नाहीत." वाचून डोकं फिरलं. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर हॉस्पिटलने २०२२ मध्ये जो अभ्यास छापला, त्यात बायका होत्या ५०. चाळिशीच्या पुढच्या, ट्रिपल निगेटिव्ह किंवा हर-टू पॉझिटिव्ह प्रकारचा कॅन्सर, गाठ एकाच ठिकाणी. केमोनंतर व्हॅक्यूम सुईने किमान १२ तुकडे काढून तपासले. ३१ जणींत काही सापडलं नाही, त्यांचंच ऑपरेशन टाळलं. रेडिएशन दिलंच. हे का गाळलंत?

वाशीची सून: पोस्ट माझी. गाळलं, मान्य. पण दोन वर्षांहून जास्त लक्ष ठेवूनही त्या ३१ जणींपैकी एकीच्याही त्या स्तनात आजार परतला नाही, हे तुम्ही गाळलंत! सासूबाईंचा हात ऑपरेशननंतर सुजला तो सुजलाच. बांगडी सोनाराकडून कापून काढली. मी विचारायचंही नाही?

घोडबंदरकर: हात सुजतो तो मुख्यतः काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्याने. त्याची नि स्तनातली गाठ काढण्याची गल्लत करू नका.

वाशीची सून: घरात रोज तो हात बघा, मग शिकवा.

कळव्याचे काका: रेडिएशन चुकणार नसेल तर वाचलं काय? हिला २५ दिवस खारघरला नेली. ठाण्याला उतरून पनवेल गाडी. कातडी सोललेली, ओढणी बाजूला धरून उभी. एकानेही जागा दिली नाही.

ऐरोलीकर: काका, ऐरोलीला सकाळी त्या गाडीत पायसुद्धा ठेवता येत नाही. पेशंटने करायचं काय?

कळव्याचे काका: शेवटचे आठ दिवस रिक्षा केली. हिची एक पाटली मोडली त्यात.

ऐरोलीकर: आमच्याकडे मेहुण्याने आठवडाभर रजा टाकून गाडी चालवली. सगळ्यांना मेहुणा नसतो.

नेरूळची ताई: गाडीचं राहू द्या, माझं ऐका. केमोच्या चौथ्या सायकलला माझी गाठ हाताला लागेना, सोनोग्राफीतही दिसेना. आणि केमोआधी गाठीत जागेची खूण म्हणून क्लिप बसवायची, ती आमच्या हॉस्पिटलात राहूनच गेली होती. सुई मारणार कुठे? ऑपरेशन झालं, रिपोर्टमध्ये चार मिलिमीटर कॅन्सर उरलेला. त्यावरून कॅपेसिटाबिनच्या, म्हणजे केमोच्या गोळ्या सुरू झाल्या. ऑपरेशन टाळलं असतं तर हे कळलंच नसतं.

वाशीची सून: बरं. "करतच नाहीत" काढते, "निवडक बायकांवर अभ्यास चाललाय" असं लिहिते. पण हाताचं कुणीच बोललं नाही.

नेरूळची ताई: दाबाची बाही घालतात का त्या? मापाची हवी. उद्या फोन करा, मी घेऊन जाते त्यांना.