लिलावातली १९७३ ची बीएमडब्ल्यू ३.० सीएस घ्यावी का? रविवारच्या आत मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

मी म्युनिकला राहतो. इथल्या एका ऑनलाइन लिलावात १९७३ ची बीएमडब्ल्यू ३.० सीएस आली आहे. रंग फ्योर्ड निळा, चार गिअरची मॅन्युअल. लिलाव रविवारी रात्री ८ वाजता बंद होतोय. गाडी हॅनोव्हरजवळच्या एका गावात आहे, म्हणजे माझ्यापासून सहाशेहून जास्त किलोमीटर. आत्ता बोली ३१,५०० युरोवर आहे, वर लिलावाचं कमिशन वेगळं. माझ्याकडे एकूण ४५,००० आहेत आणि त्यातले निदान पाच हजार दुरुस्तीसाठी हातात राहायला हवेत.

ही गाडी मला लहानपणापासून आवडते. दोन्ही बाजूंच्या काचा खाली केल्या की मधे खांबच उरत नाही, पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत सगळं मोकळं. आणि त्या बारीक छपराखाली २९८५ सीसीचं, १८० अश्वशक्तीचं सहा सिलिंडरचं इंजिन.

पण जीव गुंतलाय म्हणूनच भीती वाटते. या गाड्यांची बॉडी ओस्नाब्रूकच्या कारमान कंपनीत बनायची. त्या काळच्या पत्र्याला गंजापासून संरक्षण जवळपास नव्हतंच. त्यात पुढची मडगार्ड नटबोल्टची नाहीत, वेल्ड केलेली आहेत. आतला पत्रा सडला तर बाहेरचं कापल्याशिवाय हात पोचत नाही. बाहेरून मात्र सगळं आरशासारखं दिसतं.

विक्रेत्याने ६८ फोटो टाकलेत. त्यातले गाडीखालचे फक्त ४, आणि त्या चारही फोटोंत काळं अंडरकोटिंग इतकं ताजं आहे की डांबर कालच ओतल्यासारखं वाटतं. ४१ नंबरचा फोटो मी मोठा करून किती वेळ बघत बसलोय. बॉनेट उघडं आहे. उजवीकडे शॉक अॅब्सॉर्बरच्या बुरुजावरच्या (चाकावरचा उंच भाग, शॉक जिथे वर बसतो) सांध्यात जुन्या सीलरच्या (सांधे बुजवायचं लुकण) हाताने ओढलेल्या लाटा दिसतात. डावीकडे तोच सांधा एकदम गुळगुळीत. आणि डाव्याच दरवाजाची खालची फट मागे जाताना रुंद होत जाते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असावा असं मला वाटतं.

कागदपत्रांत २०१७ चा मूल्यांकन अहवाल आहे, त्यात अवस्था 'नोट २' लिहिली आहे. (इथे शाळेसारखीच श्रेणी असते, १ सगळ्यांत चांगली.) तो छोटा अहवाल आहे, गाडी वर उचलून पाहिल्याचा उल्लेख कुठेच नाही. जुन्या गाडीची एच नंबरप्लेट आहे, तपासणीही पास आहे.

मूळचे झेनिथ कार्बोरेटर काढून वेबर बसवलेत, जुने खोक्यात ठेवलेत म्हणतात. त्याचं मला काही वाटत नाही.

यापूर्वी मी फोटो बघून एक बीएमडब्ल्यू २००२ (हे मॉडेलचं नाव) घेतली होती. घरी आणल्यावर पायाखालचं कार्पेट उचललं तर पत्र्याच्या जागी फायबरचं कापड आणि त्यावर रंग. मुलीला पुढे बसवून तीन दिवस फिरवलं होतं त्या गाडीत. ते अजून डोक्यातून जात नाही.

तर जाणकारांनो, विक्रेत्याकडून आणखी कशाचे फोटो मागवू? आणि न बघता बोली लावावी का?

प्रतिसाद १

न बघता अजिबात नको. मी पुण्यात जुन्या गाड्यांची डेंटिंग-पेंटिंगची कामं करतो. ही गाडी कधी हाताखालून गेली नाही, पण पत्रा सगळीकडे सारखाच वागतो. डावा सांधा गुळगुळीत म्हणजे तिथे कुणीतरी हात घातलाय. हात घातला यात वाईट काही नाही, पण काम करतानाचे फोटो आणि बिल दाखवता आलं पाहिजे. ज्याने नीट पत्रा बदलला तो माणूस फोटो जपून ठेवतो. दरवाजाची फट म्हणाल तर खालचा सिल, म्हणजे दरवाजाखालचा लांब पत्रा, आधी बघा. दरवाजा अर्धा उघडून वर उचला. खेळ असेल तर बिजागरी, नसेल तर बॉडी बसली आहे.

प्रतिसाद २

मी कोलोनला असतो, माझ्याकडे याच गाडीचं आधीचं मॉडेल, २८०० सीएस आहे. इंजिन दणकट आहे, पण हेड अॅल्युमिनियमचं. एकदा जास्त तापलं की तडा जाऊ शकतो. गाडी थंड असताना स्टार्ट करायला सांगा, आधी बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. ऑइलचं झाकण उघडून आत दुधाळ साय आहे का बघा. डिकीत चटई काढून मागच्या शॉकचे बुरुज आणि पेट्रोल टाकीच्या कडा बघा, तिथे पाणी साचतं. चेसिस नंबर बीएमडब्ल्यूच्या क्लासिक (जुन्या गाड्यांच्या) विभागाला पाठवा, मूळ रंग आणि डिलिव्हरीची तारीख कळवतात. पण रविवारपर्यंत उत्तर येईल असं धरू नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. विक्रेत्याला फोन केला. डाव्या बाजूच्या कामाचे फोटो नाहीत, 'आधीच्या मालकाने केलं' म्हणाला. शनिवारी गावातल्या गॅरेजात लिफ्टवर गाडी चढवायला मात्र लगेच तयार झाला. स्क्रूड्रायव्हरने टोचू देणार नाही, चुंबक आणि रंगाची जाडी मोजायचं यंत्र चालेल म्हणतो. पहाटेच्या ट्रेनचं तिकीट काढलंय. तिथे माझ्या हातात तासभर असेल. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १

डाव्या पुढच्या चाकाच्या मागून, जिथे मडगार्ड दरवाजाच्या खांबाला भेटतं. तिथून सिलच्या बाजूने मागच्या चाकापर्यंत चुंबक सरकवत जा, मग तेच उजवीकडे. मूळ रंग १००-१५० मायक्रॉनच्या आसपास असतो. पुन्हा रंगवलेली असेल तर दुप्पट येईल, चालेल. हजाराच्या वर आकडा गेला की खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. चाकामागे असा आकडा आला तर बाकी गाडी बघण्यात वेळ घालवू नका, परतीची ट्रेन पकडा. आणि लिफ्टवर असताना मडगार्डच्या आत, हेडलाइटच्या मागे टॉर्च मारून फोटो काढून इथे टाका. मी शनिवारी दुपारी गॅरेजातच आहे, लगेच बघतो.