पीक गेले असता उपकारस्तुती कशी करावी?

प्रश्न (खानापूर): यंदा कापणीच्या तोंडावर पावसाने आमचे भात आडवे केले, अशा वेळी मंडळीत (चर्चच्या सभेत) उभे राहून देवाचे आभार मानणे मला खोटेपणाचे वाटते. हे चुकीचे आहे का?

उत्तर (निपाणी): बायबलमधील १ थेस्सलनीकाकरांस ५:१८ मध्ये प्रेषित पौल सर्व स्थितीत उपकारस्तुती करण्यास सांगतो, सर्व स्थितीबद्दल नव्हे, त्यामुळे नुकसानीलाच आशीर्वाद म्हणण्याची सक्ती तुमच्यावर नाही.

उत्तर (बेळगाव): मात्र इफिसकरांस ५:२० मध्ये सर्व गोष्टींबद्दल आभार मानण्यासही सांगितले आहे, म्हणून हा भेद फार ताणू नये. स्तोत्र ८८ अंधारातच संपते, आणि तरीही ती प्रार्थनाच आहे. आधी देवापुढे रडा.

प्रश्नकर्ता: कापणीच्या उपासनेत यंदा पेंढीऐवजी मूठभर भात ठेवीन.