मदत हवी आहे: राउटरचा पासवर्ड बदलल्यापासून लिनक्स मिंटवर वायफाय जोडलं जात नाहीये

राउटरचा पासवर्ड बदलला, त्याच वेळी वायफायची सिक्युरिटी पण डब्ल्यूपीए२ वरून डब्ल्यूपीए३ (त्याच्या पुढची, नवी पद्धत) झालीये, आणि तेव्हापासून लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टम असलेला माझा जुना लॅपटॉप नवीन पासवर्ड टाकला तरी परत परत तोच विचारतोय. फोन त्याच पासवर्डने लगेच जोडला जातो, लॅपटॉपही फोनच्या हॉटस्पॉटवर व्यवस्थित चालतो म्हणजे वायफाय कार्ड तरी मेलेलं नाही. सेव्ह केलेलं कनेक्शन डिलीट करून नव्याने बनवलं, नेटवर्क मॅनेजर (मिंटमध्ये नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम) रीस्टार्ट केला, तो कनेक्शन्स सेव्ह करतो त्या सिस्टम-कनेक्शन्स फोल्डरमध्येही जुनं काही उरलं नाहीये. राउटर घरमालकांचा, सेटिंग बदलायचं तर आधी त्यांना पटवावं लागेल (ते वेगळंच काम!), आणि फॉरमॅट मारा हे प्लीज नको. माझ्या कार्डला किंवा ड्रायव्हरला डब्ल्यूपीए३ झेपतं का हे टर्मिनलमधून नेमकं कसं बघायचं?