चार दोस्त, १८ दिवस युरोप: मधेच एकाची गडबड झाली तं बाकीच्यांनी थांबायचं का?

त्रिमूर्तीनगरचा_पोट्टा

नमस्कार मंडळी. आम्ही चार जण, इंजिनिअरिंगपासूनचे दोस्त, सप्टेंबरमध्ये युरोपला जाऊन राहिलो आहोत. म्युनिक, साल्झबर्ग, व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि शेवटी प्राग, पाठीवर सॅक अन् हॉस्टेलात मुक्काम. विमानाची तिकिटं झाली, व्हिसाचे कागद जमवणं सुरू आहे. कुठे काय पाहायचं ते विचारायला नाही आलो, ते खूप वाचून झालं.

गेल्या रविवारी फुटाळा तलावावर बसलो होतो, तं सहज विषय निघाला की समजा एकाचा पासपोर्ट चोरीला गेला, किंवा कोणी आजारी पडला, तर बाकी तिघांनी काय करायचं. एक म्हणे सगळेच थांबू, दोस्त कशाला म्हणायचं मग. दुसरा म्हणे मी दोन वर्षं पगारातून पैसे बाजूला काढले, पुन्हा कधी जाणं होईल सांगता येत नाही, मी नाही थांबणार. त्यावरून अशी वादावादी झाली की चार दिवस ग्रुपवर कोणी बोललं नाही. मला दोघांचंही पटतं, हीच अडचण आहे. इकडे आईनं वेगळंच टेन्शन घेतलं आहे, रोज विचारते की तिकडे काही झालं तं कोणाला फोन करायचा. ज्यांच्यावर खरंच अशी वेळ आली त्यांनी सांगा, तुम्ही काय केलं?

वर्धारोडवाला

भाऊ, हा प्रश्न तुम्ही नागपुरात बसून विचारून राहिले हेच चांगलं. आम्ही तो प्रागच्या मेन स्टेशनावर, पासपोर्ट गेल्यावर विचारला.

२०१९ ची गोष्ट. आम्ही पाच जण होतो. बेंचवर बसून सँडविच खाऊन राहिलो होतो, छोटी बॅग बाजूला, वर जॅकेट टाकलेलं. एक माणूस नकाशा घेऊन आला, बोटानं दाखवून काहीतरी विचारत होता, आम्ही सगळे त्या नकाशात डोकं घालून. तो गेला, मी जॅकेट उचललं तं खाली बॅगच नाही. पासपोर्ट, फॉरेक्स कार्ड, २०० युरो, सगळं त्यातच. जॅकेट मात्र जसंच्या तसं घडी करून ठेवलेलं, ते अजून डोळ्यासमोर आहे.

आधी पोलीस. स्टेशनवरच रिपोर्ट लिहून घेतला, चेक भाषेत, एक पान, खाली शिक्का. तो कागद सोन्यासारखा जपा, पुढे सगळीकडे तोच मागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या दूतावासात. तिथे इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, त्याला ईसी म्हणतात. फॉर्म, फोटो, पोलीस रिपोर्ट आणि पासपोर्टची झेरॉक्स लागली. माझी झेरॉक्स मोबाईलमध्ये होती म्हणून काम लवकर झालं. पण हे नीट समजून घ्या, ईसी फक्त भारतात वापस यायला असते, एकाच प्रवासासाठी. तिच्यावर पुढे फिरता येत नाही, आणि शेंगेनचा व्हिसाही, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून एकच चालतो तो, त्याच पासपोर्टवर चिकटवलेला होता, तोही गेला. म्हणजे ज्याचा पासपोर्ट गेला त्याची ट्रिप तिथेच संपली समजा. माझे सहा दिवस बाकी होते. आणखी एक, वापसीच्या विमानात मधे बदली असेल तं विमान कंपनीला आधी विचारून घ्या की त्या विमानतळावरून ईसीवर जाता येईल का. आणि एकदा पासपोर्ट हरवला म्हणून कळवला की तो रद्द होतो, नंतर सापडला तरी वापरायचा नाही, इथे येऊन नवीनच काढावा लागतो.

आता तुमचा खरा प्रश्न. त्या रात्री हॉस्टेलच्या जिन्यात आम्ही पाच जण दोन तास उभे होतो. मी म्हणत होतो तुम्ही जा, ते म्हणत होते कसं जायचं, आणि मनातून प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्यानं काहीतरी ठरवावं. शेवटी एक जण म्हणाला, मी थांबतो. तो माझ्यासोबत दूतावासात आला, विमानतळापर्यंत आला, मग एकटाच बसनं त्या तिघांना गाठायला गेला. त्याची दोन दिवसांची बुकिंगं बुडाली, नवीन तिकीट काढावं लागलं, आणि त्यानं कधी पैशाचा विषय काढला नाही. दीड वर्षानं दुसऱ्याकडून कळलं तेव्हा मला खूप लागलं. म्हणून सांगून राहिलो, सगळ्यांनी थांबायची गरज नाही, दूतावासाच्या खुर्चीवर चार जण बसून काही होत नाही. पण एकट्याला सोडायचं नाही, एक जण सोबत थांबलाच पाहिजे. आणि थांबणाऱ्याचं जे नुकसान होईल ते चौघांत वाटून घ्यायचं, हे निघायच्या आधी बोलून घ्या. ज्यानं दोन वर्षं पैसे साठवले तो काही स्वार्थी नाही, त्याला फक्त भीती आहे की भुर्दंड एकट्यावर पडेल.

महालची_मुलगी

वर्धारोड दादांनी लिहिलं ते वाचून अंगावर काटा आला. आमचं इतकं मोठं नव्हतं, पण तुम्ही म्युनिकला जाऊन राहिलात म्हणून हे सांगायलाच पाहिजे.

आम्ही चौघी म्युनिकहून टेगर्नझेला निघालो होतो, मस्त तळं आहे, तासाभराचा रस्ता. गाडीत गर्दी, म्हणून दोघी एका डब्यात आणि दोघी पुढे जागा दिसली तिकडे. ही गाडी होल्झकिर्शेनला तुटते, अर्धी एका गावाला जाते अन् अर्धी दुसऱ्या, आणि उरलेलीचे पुढे शाफ्टलाखला पुन्हा दोन भाग होतात. पूर्वी सेवाग्राम एक्सप्रेसचे बल्लारशाचे डबे वर्ध्याला काढायचे ना, तसंच. अनाउन्समेंट झाली, पण जर्मनमध्ये, आम्ही खिडकीतून गाई पाहत होतो. मी टेगर्नझेला उतरले अन् मैत्रिणी पोचल्या श्लिअरझेला. तिथेही तळंच, त्यामुळे त्यांना उतरल्यावरही पाच मिनिटं कळलं नाही की आपण चुकीच्या गावात आहोत.

इथपर्यंत ठीक होतं. पण आम्ही बायर्न तिकीट काढलं होतं, म्हणजे दिवसभराचं एकच तिकीट, पाच जणांपर्यंत चालतं, त्यावर सगळ्यांची नावं लिहावी लागतात. ते तिकीट माझ्याकडे. म्हणजे त्या दोघी विनातिकीट, आणि जर्मनीत विनातिकीट सापडलं की ६० युरो दंड. त्याहून वाईट म्हणजे इंटरनेट फक्त माझ्या फोनमध्ये, बाकी तिघी माझ्या हॉटस्पॉटवर. पैसे वाचवायला तसं केलं होतं. त्यांना ना मॅप ना मेसेज. शेवटी तिकडच्या एका बेकरीतल्या काकूंनी आपला फोन दिला, मैत्रिणीला माझा नंबर पाठ होता म्हणून निभावलं. त्यांनी स्टेशनवरच्या मशीनमधून वेगळी तिकिटं काढली आणि आम्ही होल्झकिर्शेनच्या प्लॅटफॉर्मवर भेटलो तेव्हा अडीच तास झाले होते. एक जण रडायलाच लागली.

तेव्हापासून आम्ही ठरवलं, प्रत्येकीच्या फोनमध्ये स्वतःचं ईसिम (कार्ड न टाकता फोनमध्येच सुरू होणारं सिम), दहा-बारा युरो गेले तरी चालतील. चुकामूक झाली की जी मागे राहिली तिनं जागेवरून हलायचं नाही, जी पुढे गेली तिनं वापस यायचं. दोघी एकमेकींना शोधायला निघाल्या की दिवस जातो. आणि चढताना डब्याच्या बाहेर जी पाटी असते त्यावरचं गाव वाचायचं, फक्त गाडीचा नंबर पाहून भागत नाही.

धंतोली_मेडिकल

माझं धंतोलीत मेडिकल स्टोअर आहे, वय ५४. आम्ही तिघं मित्र दोन वर्षांपूर्वी व्हिएन्नाला गेलो होतो, तुमच्यासारखी सॅक नव्हती पण फिरलो भरपूर.

मित्राची चेक-इन बॅग आलीच नाही. त्यात त्याच्या बीपीच्या गोळ्या. पोरांनो, औषध नेहमी हातातल्या बॅगेत, मी हे रोज गिऱ्हाइकांना सांगतो आणि माझ्या मित्रानं ऐकलं नाही. बॅग नाही आली तर विमानतळ सोडायच्या आधी काउंटरवर लेखी तक्रार करून तिचा नंबर घ्या, बाहेर पडल्यावर कोणी ऐकून घेत नाही. त्या दिवशी रविवार होता, आणि ऑस्ट्रिया-जर्मनीत रविवारी जवळपास सगळी दुकानं बंद असतात, स्टेशनवरची थोडी सोडून. साधी पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा तिकडे किराणा दुकानात मिळत नाही, फक्त औषधाच्या दुकानात, ज्यावर लाल रंगाचं ए अक्षर असतं. ते बंद दिसलं तरी मागे फिरू नका, दारावर कागद लावलेला असतो, आज रात्री किंवा सुट्टीत कोणतं दुकान उघडं आहे त्याचा पत्ता त्यावर असतो. तसंच शोधत आम्ही पोचलो.

मित्राच्या पाकिटात रिकामी स्ट्रिप होती. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचली, ब्रँड त्यांना माहीत असायचं काही कारण नाही, पण खाली टेल्मिसार्टन ४० लिहिलेलं होतं ते लगेच ओळखलं. तरी चिठ्ठीशिवाय दिली नाही, आणि ते बरोबरच आहे, मीही देत नाही. डॉक्टर गाठून चिठ्ठी घ्यावी लागली. म्हणून डॉक्टरकडून चिठ्ठी घेताना ब्रँड नको, औषधाचं मूळ नाव इंग्रजीत टाइप करून घ्या. अँटिबायोटिक तर तिकडे चिठ्ठीशिवाय मिळतच नाही, त्या भरवशावर राहू नका.

तुझ्या आईला सांग, युरोपियन युनियनमध्ये कुठेही ११२ लावला की पोलीस, ॲम्ब्युलन्स सगळं मिळतं, कोणाच्याही फोनवरून फुकट, फक्त जर्मनीत फोनमध्ये सिम असावं लागतं. जीवावर बेतलेलं नाही पण डॉक्टर पाहिजे, असं असेल तर ऑस्ट्रियात १४५० आणि जर्मनीत ११६११७. व्हिसासाठी ३०,००० युरोचा विमा काढावाच लागतो, तो काढून लोक विसरून जातात. दवाखान्यात जायच्या आधी विमा कंपनीच्या नंबरवर फोन करा, तो नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा, फोन बंद पडला तरी कामाला येईल.

सदर_एक्सप्रेस

दोनच गोष्टी. व्हिसाच्या स्टिकरवर तारखा वेगळ्या आणि राहायचे दिवस वेगळे लिहिलेले असतात, दोन्ही पाहा. पोचण्याचा आणि निघण्याचा दिवस, दोन्ही मोजतात. अर्जात दिवस अगदी काटेकोर मागू नका, विमान रद्द झालं तं पंचाईत.

दुसरं, रेल्वेची तिकिटं स्वस्तात पडतात म्हणून तुकड्यातुकड्यानं काढली की पहिली गाडी लेट झाल्यावर दुसरी सुटली तरी कोणी जबाबदारी घेत नाही. एकच सलग तिकीट असेल तर पुढच्या गाडीनं पाठवावं लागतं. आणि तासाभरापेक्षा जास्त लेट झाली तर भाड्याचे २५ टक्के, दोन तासांवर गेली तर ५० टक्के वापस मागता येतात, बरेच लोक मागतच नाहीत.

त्रिमूर्तीनगरचा_पोट्टा

सगळ्यांचे मनापासून आभार. वर्धारोड दादा, तुमचा तो जिन्यातला प्रसंग मी ग्रुपवर टाकला. रात्री साडेअकराला त्या दुसऱ्यानं, जो थांबणार नाही म्हणत होता त्यानं, फोन केला. म्हणे मला एकट्याला सोडायचं नव्हतं बे, पैशाचंच टेन्शन होतं. आता असं ठरलं, प्रत्येकी १०० युरो वेगळे काढायचे, त्याला हात लावायचा नाही, काही झालं तं त्यातूनच, आणि नाही झालं तं शेवटच्या दिवशी वापस वाटून घ्यायचे. सोबत कोण थांबणार याचा क्रमही लावला, पहिला नंबर माझा.

काका, ते तिन्ही नंबर कागदावर लिहून आईला दिले, तिनं फ्रीजवर लावून टाकला.

ताई, एक विचारायचं होतं. मग बायर्न तिकीट चौघांचं एकच काढायचं की दोन-दोन जणांची दोन?

महालची_मुलगी

एकत्र काढलं की माणशी बरंच स्वस्त पडतं, दोन वेगळी काढली तं थोडे जास्त जातात. दिवसभर सोबतच राहायचं असेल तं एकच काढा, पण मग चौघांनी एकाच दारातून चढायचं, जागा नाही मिळाली तर उभं राहायचं. आणि सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ पासूनच चालतं, त्याआधीची गाडी पकडू नका. टेगर्नझेला नक्की जा, सप्टेंबरात पाणी एकदम हिरवं दिसतं म्हणतात, आम्ही गेलो तेव्हा पाऊस होता.